‘ट्यून्स ऑफ ग्लोरी’ : स्वतः कसा पाहावा, चारचौघांना कसा दाखवावा

हा चित्रपट आमच्या छोट्या गटाला पहिल्यांदा दाखवला तेव्हा पंधरा-सोळा माणसं जमली होती. चित्रपट संपला, दिवे लागले आणि मी लगेच विचारून बसलो, “बरोबर कोण? जॉक की बॅरो?” हे दोघं एकाच पलटणीच्या नेतृत्वावरून एकमेकांना भिडलेले अधिकारी. झालं, खोलीत दोन तट पडले. तासभर कडाक्याचा वाद झाला आणि सगळे खुशीत घरी गेले. रात्री चहाचे कप विसळताना माझ्या लक्षात आलं की त्याच पलटणीतल्या मेजर चार्ली स्कॉटचं नाव एकानंही घेतलं नव्हतं. ज्या माणसाच्या चार थंड वाक्यांनी गोष्ट शेवटाकडे ढकलली जाते, तो आमच्या चर्चेत आलाच नाही. प्रश्नच चुकला होता.

त्यानंतर हा चित्रपट मी आणखी तीन वेळा दाखवला, स्वतः कितीतरी वेळा पाहिला आणि दर वेळी पद्धत थोडी बदलली. आता ती बरीचशी बसली आहे. म्हणून इथं क्रमानं सांगतो. एक सूचना आधीच देतो : ‘दुसऱ्यांदा पाहताना’ या मथळ्यापासून पुढे कथानक उघड केलं आहे, शेवटासकट. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी त्या मथळ्यापाशी थांबावं आणि पाहून परत यावं.

आधीची जमवाजमव

१९६० सालचा हा ब्रिटिश चित्रपट रंगीत आहे आणि पावणेदोन तासांच्या आसपास चालतो. दिग्दर्शक रोनाल्ड नीम. जेम्स केनवे या स्कॉटिश लेखकाच्या १९५६ च्या कादंबरीवर तो बेतलेला आहे आणि पटकथाही केनवेचीच आहे. त्या पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. केनवे युद्धानंतर स्वतः हायलंडर, म्हणजे उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पलटणीत अधिकारी होता. मेसमधली बोलणी, टोमणे, कोणी कोणाशेजारी उभं राहायचं याचे अलिखित नियम त्यानं आतून पाहिलेले होते, आणि ते पडद्यावर जाणवतं.

तयारीत सबटायटल्स सर्वांत महत्त्वाची. इंग्रजी चांगलं येतं म्हणणाऱ्या माणसांनाही इथले स्कॉटिश उच्चार पहिली वीस मिनिटं झेपत नाहीत, आणि नेमकं त्याच वीस मिनिटांत सगळं पेरलेलं आहे. सबटायटल्स आहेत का, ती वेळेवर उमटतात का, हे आदल्या दिवशी तपासा. ऐन वेळी शोधाशोध सुरू झाली की लोकांचा उत्साह निम्म्यावर येतो.

दुसरी गोष्ट आवाजाची. लॅपटॉपच्या स्पीकरवर बॅगपाइप नुसता कर्कश वाटतो, आणि या चित्रपटात पाइप म्हणजे माणसांइतकंच एक पात्र आहे. शेवटच्या प्रसंगात ढोलांचा जो दबका ठेका मागून येतो तो छोट्या स्पीकरमध्ये हरवून जातो. बाहेरचे बरे स्पीकर लावा. सुरुवातीची पाच मिनिटं वाजवून खोलीच्या अगदी मागच्या खुर्चीवर बसून ऐका. तिथं बोलणं कळलं आणि पाइप कानाला टोचला नाही, तर आवाज बरोबर आहे.

खोली पुरती काळोखी करा, कारण बराच भाग रात्रीचा आहे. मध्यंतर देऊ नका. मी एकदा चहासाठी बरोबर मध्यावर थांबवला होता. त्या दिवशी तणाव जो तुटला तो पुन्हा जुळलाच नाही. चहा आधी द्या किंवा नंतर. चित्रपट आणि चर्चा मिळून तीन तास हाताशी ठेवा.

आणखी एक, आणि हे टाळू नका. चित्रपटात आत्महत्येचा प्रसंग आहे. कोणाची, केव्हा, हे सांगायची गरज नाही. पण असा प्रसंग आहे एवढं सुरू करण्याआधी साध्या शब्दांत सांगा. समोर बसलेल्यांच्या घरात काय घडून गेलं असेल हे आपल्याला ठाऊक नसतं.

सुरू करण्याआधी दहा मिनिटं

इथं जास्त बोलायचा मोह होतो, तो आवरा. मी एवढंच सांगतो.

काळ १९४८ चा जानेवारी. युद्ध संपून अडीच वर्षं होत आली आहेत. स्कॉटलंडमधल्या एका किल्ल्यात हायलंडर सैनिकांची एक बटालियन मुक्कामाला आहे. लढाई नाही, शत्रू नाही; परेड आहे, बर्फ आहे आणि लांबच लांब संध्याकाळी आहेत. उत्तर आफ्रिकेच्या लढाईत बटालियनचा कर्नल मारला गेला तेव्हापासून जॉक सिंक्लेअर ती चालवतोय. हुद्द्यानं तो मेजर, कर्नलपद प्रभारी. ग्लासगोमध्ये बँडमधला साधा शिपाई म्हणून भरती झालेला हा माणूस रँकमधून वर चढत आला आहे. आणि आता त्याच्या जागी लेफ्टनंट कर्नल बॅझल बॅरो येतोय. ईटन, ऑक्सफर्ड असं शिक्षण. त्याच्या घराण्यातल्यांनी पूर्वी याच पलटणीचं नेतृत्व केलेलं. स्वतः बॅरोनं मात्र इथं फक्त एक वर्ष काढलंय, तेही १९३३ मध्ये.

‘प्रभारी’ म्हटलं की आपल्याकडच्या माणसांना फोड करून सांगावी लागत नाही. शाळा वर्षानुवर्षं ओढणारे प्रभारी मुख्याध्यापक आणि एक दिवस वरून आलेली नेमणूक, हे कोणी पाहिलेलं नाही? जॉकच्या छातीत काय सलतंय ते एवढ्यानं पोचतं.

पदांची नावं सांगून ठेवा. अ‍ॅडज्युटंट म्हणजे कमांडिंग ऑफिसरचा उजवा हात, सगळी कागदपत्रं आणि आदेश त्याच्या हातून जाणारे. इथं तो कॅप्टन जिमी केर्न्स. पाइप मेजर म्हणजे पाइपवाल्यांचा प्रमुख. आणि मेस म्हणजे नुसती जेवायची जागा समजू नका. अधिकाऱ्यांचं घर, चावडी आणि न्यायालय, तिन्ही तिथंच. आपल्या सैन्यातल्या मेसच्या कितीतरी चालीरीती ब्रिटिश सैन्यातूनच आल्या आहेत, आणि पाइप बँड तर प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात आपण सगळ्यांनी पाहिलेले आहेत. गटात कोणी सैन्यातून निवृत्त झालेलं असेल तर त्यांनाच दोन मिनिटं बोलू द्या. आमच्याकडे एका निवृत्त सुभेदारांनी सांगितलं होतं की नवे साहेब आले की पहिले आठ दिवस सगळी पलटण त्यांच्याकडे टक लावून बघत असते. ते चालतात कसे, थांबतात कुठं, रागावतात कशावर. माझ्या दहा मिनिटांच्या भाषणापेक्षा त्यांची दोन वाक्यं कामी आली.

नटांबद्दल थोडं. जॉक झालाय अ‍ॅलेक गिनेस आणि बॅरो झालाय जॉन मिल्स. गिनेसला १९५७ च्या ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’मधल्या कर्नल निकल्सनसाठी ऑस्कर मिळालं होतं. तो ताठ, नियमावर बोट ठेवणारा, जपान्यांच्या कैदेतला अधिकारी. इथं तसला ताठ माणूस मिल्सच्या वाट्याला आलाय आणि गिनेस झालाय लाल केसांचा, दणदणीत आवाजाचा, व्हिस्कीवर आणि माणसांवर सारखंच प्रेम करणारा रांगडा गडी. आपल्यातल्या अनेकांना गिनेस आठवतो तो ‘अ पॅसेज टू इंडिया’मधला प्रोफेसर गोडबोले म्हणून. तो चेहरा डोक्यातून काढून टाका. १९६० च्या व्हेनिस महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मात्र मिल्सला मिळाला, आणि मला तो न्याय्य वाटतो. जॉक दिसायला सोपा आहे, कारण तो सगळं बाहेर टाकतो. बॅरोला सगळं आत ठेवून ते दिसू द्यायचं आहे.

किल्ला खरा आहे : स्टर्लिंगचा. तिथं आर्गाइल अँड सदरलंड हायलंडर्स या रेजिमेंटचं मुख्यालय होतं आणि त्यांचं संग्रहालय आजही किल्ल्यात आहे. चित्रीकरणाला सुरुवातीला सहकार्य मिळणार होतं. पण कादंबरीच्या स्वस्त आवृत्तीचं भडक मुखपृष्ठ तिथल्या अधिकाऱ्यांनी पाहिलं आणि परवानगी आखडली. किल्ला फक्त दुरून टिपता आला. म्हणजे दूरच्या दृश्यांत दिसतो तो खरा स्टर्लिंग आणि आतलं अंगण, मेस, जिने बहुतांशी उभारलेले. सांधा कुठं आहे ते शोधू नका, सापडणारही नाही.

पहिल्यांदा पाहताना

नुसतं पाहा. वही नको, थांबवणं नको. एकच काम स्वतःला द्या : आपली सहानुभूती कोणत्या क्षणी एकाकडून दुसऱ्याकडे सरकते, तो क्षण लक्षात ठेवा. बहुतेकांची ती तीन-चार वेळा सरकते. कोणाची कुठं सरकली हे नंतर चर्चेत फार उपयोगी पडतं. कारण ते माणसामाणसांत वेगळं असतं आणि त्यात चूक-बरोबर काही नसतं.

दुसऱ्यांदा पाहताना

आता वही घ्या. मी पाच जागांवर थांबतो.

पहिली, मेसमधली रात्र. जॉक मध्यभागी, पाइप चालू, नाच चालू. ज्यांना व्हिस्की आवडते त्यांना व्हिस्की आणि ज्यांना आवडत नाही त्यांनाही व्हिस्की, असा त्याचा कायदा. त्या गोंधळात नवा कर्नल ठरल्यापेक्षा एक दिवस आधी दारात येऊन उभा राहतो. पडदा स्थिर करा आणि बॅरोकडे न बघता खोलीतल्या बाकीच्यांकडे बघा. कोण कोणाकडे पाहतंय? प्रत्येकाची नजर नव्या साहेबावरून जॉककडे जाते : आता हा काय करणार? बॅरो दारातून आत येण्याआधीच बटालियन कोणाची आहे ते त्या नजरांनी सांगून टाकलेलं आहे. तो लवकर येतो हेही लक्षात घ्या. ज्या घराची स्वप्नं पाहिली त्या घरी जायची घाई झालेला माणूस आहे तो. पण मेसला ती धाड वाटते.

दुसरी जागा नाचाची, आणि तिथं जरा रेंगाळा. बॅरोचा पहिला ठळक आदेश कशाबद्दल निघतो? शिस्तीबद्दल नाही, कवायतीबद्दल नाही, नाचाबद्दल. अधिकाऱ्यांचे हायलंडी नाच फार आडदांड झालेत, हात डोक्यावर नेऊन आरोळ्या ठोकणं बंद, सकाळी लवकर उठून सर्वांनी पाइप मेजरकडे रीतसर नाच शिकायचा. लढाया मारून आलेली माणसं थंडीत जोडीजोडीनं पावलं गिरवताना दिसतात. दरवेळी प्रेक्षक इथं हसतात. हसू द्या, पण नंतर विचारा : बॅरोचं म्हणणं चूक होतं का? नाच खरंच आडदांड होता. मग बिघडलं कुठं? माझं उत्तर असं की त्यानं बरोबर गोष्ट मोडायला घेतली, पण ती या माणसांची एकमेव उरलेली लढाई होती. युद्धात जे सगळ्यांनी मिळून केलं त्याची जागा शांततेत त्या नाचानं घेतली होती. हात वर जाणं म्हणजे ‘आम्ही अजून जिवंत आहोत’ असं म्हणणं.

पुढं गावकऱ्यांसाठी ठेवलेल्या पार्टीत जॉक मुद्दाम तेच करतो. हात वर, आरोळी, हळूहळू एकेक जण सामील. इथं गिनेसच्या पायांपेक्षा मिल्सचा जबडा पाहा. आधी घट्ट मिटलेला, मग थरथरणारा, मग ती किंचाळी. वाद्यं थांबतात आणि पाहुण्यांसमोर कमांडिंग ऑफिसर रागानं कापत उभा असतो. अधिकार गेला तो याच क्षणी. जॉकनं तो हिसकावून घेतला नाही, बॅरोच्या हातून निसटला.

तिसरी जागा लगेच पुढची. बॅरो जीपमध्ये जाऊन बसतो, मागोमाग केर्न्स. अंधारात, गाडीच्या टपाखाली हा माणूस पहिल्यांदा बोलतो : जपान्यांच्या कैदेत झालेला छळ, बुडवून मरणाच्या दारापर्यंत नेणं आणि परत शुद्धीवर आणणं, आणि त्या कोठडीत तग धरायला त्यानं मनाशी घोकलेली एकच गोष्ट. एक दिवस या बटालियनमध्ये परत यायचं. पार्टीतल्या किंचाळीनंतर लगेच हे ऐकवणं ही पटकथेतली सर्वांत मोठी करामत आहे. हे आधी कळलं असतं तर आपण बॅरोला सुरुवातीपासून माफ करत बसलो असतो. आपणही मेसबरोबर त्याला हसून घेतो आणि मग हे ऐकतो. गटाला दाखवताना मी या प्रसंगाबद्दल आधी अवाक्षर बोलत नाही.

चौथी जागा, कॉर्पोरलचं प्रकरण. जॉकची मुलगी मोरॅग, म्हणजे सुझाना यॉर्क, जिचा हा पहिला चित्रपट, एका तरुण पाइपवाल्या कॉर्पोरलबरोबर पबमध्ये दिसते आणि जॉक त्या पोराच्या तोंडावर ठोसा मारतो. अधिकाऱ्यानं हाताखालच्या शिपायाला मारणं म्हणजे सरळ कोर्ट मार्शलचा मामला. प्रकरण वर पाठवायचं की पलटणीतच मिटवायचं हे आता बॅरोच्या हातात. नियमाचा माणूस आहे तो, निर्णय ठरलेला असतो. मग जॉक स्वतः भेटायला जातो. इथं दोघांना समोरासमोर, मध्ये मेसचे प्रेक्षक नसताना, नीट ऐका. क्षणभर वाटतं की ही दोन माणसं एकमेकांना समजतील. जॉक पाठिंब्याचा शब्द देतो आणि बॅरो माघार घेतो. तो दयेनं घेतो, थकून घेतो की एकदा तरी आपलं मानावं या आशेनं, यावर मी अजून ठाम नाही. दर वेळी वेगळं वाटतं.

पाचवी जागा चार्ली स्कॉट. डेनिस प्राइसनं हा मेजर इतका गुळगुळीत केलाय की तो दुष्ट वाटतच नाही. जॉकचा मित्र, आणि त्याच जॉकच्या जुन्या मैत्रिणीकडे गुपचूप जाणारा. चित्रपटभर तो सिगारेट ओढत कडेला उभा असतो. दुसऱ्या वेळी फक्त त्याच्या कडेला उभं राहण्याचा हिशेब ठेवा, वहीचं एक पान त्यालाच द्या. शेवटाकडे तो बॅरोला शांतपणे जाणवून देतो की आता बटालियन पुन्हा जॉकच चालवतोय असं सगळे मानतात. आवाज चढत नाही, शिवी नाही, हुद्द्याचा मान राखून बोललेली वाक्यं. ती ऐकताना मिल्सच्या चेहऱ्यावरून काहीतरी विझत जातं. त्यानंतर आपल्याला गोळीचा आवाज ऐकू येतो.

शेवटाकडे पाहायची रीत

बॅरो गेल्यावर जॉक अधिकाऱ्यांना जमवतो आणि अंत्ययात्रेची योजना सांगू लागतो. आत्महत्या नव्हे, खून झालाय, असं तो म्हणतो. ज्याला त्यानं कर्नल म्हणून कधी मानलं नाही त्याला तो आता फील्ड मार्शलला शोभेल असा निरोप देऊ पाहतोय. सगळी बटालियन, सगळे पाइप, कुठं वळायचं, कुठं थांबायचं, कुठं कोणती धून. बोलता बोलता खोलीत नसलेले ढोल आपल्याला ऐकू यायला लागतात. ते जॉकच्या डोक्यात वाजताहेत.

इथं एकदा सबटायटल्स बंद करून पाहा. शब्द सोडा, गिनेसचा आवाज ऐका : हुकूम देणारा आवाज हळूहळू लहान मुलाच्या आवाजापर्यंत कसा उतरत जातो. आणि समोरच्या अधिकाऱ्यांचे चेहरे पाहा. कोणी जमिनीकडे, कोणी भिंतीकडे पाहतंय. पहिल्या रात्री सगळ्यांच्या नजरा जॉकवर होत्या, आता एकालाही त्याच्याकडे बघवत नाही. चित्रपटाची दोन टोकं या नजरांनी बांधलेली आहेत, आणि ज्यांच्या त्या नजरा आहेत ती माणसं मधल्या पावणेदोन तासांत एकदाही निर्णायक वेळी तोंड उघडत नाहीत. मला या चित्रपटात जे मनापासून महत्त्वाचं वाटतं ते हे. जॉकनं वार केले, बॅरो आतून आधीच तडकलेला होता, पण दोघांच्या मध्ये एक अख्खी मेस बसली होती.

चर्चा कशी घ्यावी

‘बरोबर कोण’ हा प्रश्न विचारू नका. कोणी काढलाच तर नम्रपणे पुढं ढकला. मी सुरुवात अशी करतो : “कोणत्या क्षणी कोण काय बोलला असता तर बॅरो वाचला असता?” प्रत्येकानं एकच क्षण आणि एकच पात्र सांगायचं. केर्न्सचं नाव बहुधा पहिलं येतं, कारण जीपमधलं बोलणं फक्त त्याला ठाऊक होतं. ते त्यानं पोटात ठेवलं, निष्ठेपायी. बरोबर केलं का? यावर आमच्याकडे एकदा अर्धा तास गेला आणि तो अर्धा तास सोन्यासारखा होता. मग पाइप मेजर, मग ज्याला ठोसा बसला तो पोरगा, मग मोरॅग. चार्लीचं नाव आपण होऊन घेऊ नका. कोणीतरी काढतंच, आणि त्यांनी काढलं की त्याचा भार वेगळा पडतो.

बोलणं जॉकच्या बाजूनं फार झुकलं तर नाचाच्या आदेशाकडे या, बॅरोच्या बाजूनं झुकलं तर पार्टीतल्या किंचाळीकडे. कोणी स्वतःच्या ऑफिसातली, शाळेतली, सहकारी संस्थेतली गोष्ट सांगू लागलं तर अडवू नका, पण नावं घेऊ देऊ नका. एकदा एका काकूंनी त्यांच्या जुन्या नोकरीतल्या नव्या साहेबांबद्दल सांगितलं. त्यांना सगळ्यांनी मिळून कसं एकटं पाडलं होतं, आणि आपण त्यात कशा हसत होतो. त्या बोलायच्या थांबल्यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. अशा वेळी पुढचा प्रश्न टाकायची घाई करू नये.

तास-सव्वातासानंतर चर्चा थांबवा, रंगात असली तरी. मग दिवे मालवून शेवटचा प्रसंग पुन्हा एकदा लावा, अंत्ययात्रेच्या योजनेपासून. या वेळी कोणालाही काही सांगायचं नसतं. जॉकला हाताला धरून बाहेर नेतात, गाडी बर्फातून निघते, दुतर्फा उभी माणसं सलाम करतात. नामावली संपेपर्यंत थांबा, आणि दिवे सावकाश लावा.